अक्षरओळख

ओळखीचे दोन प्रकार आहेत. एक तोंडओळख आणि दुसरी अक्षरओळख.

तोंडओळख म्हणजे काय, हे शहरात राहणाऱ्या माणसाला समजावून सांगायला नको. रोजच्या लोकलमध्ये समोरच्या बाकावर बसणारे गृहस्थ, वाण्याच्या दुकानात नेमक्या आपल्या आधी उभ्या असणाऱ्या बाई, खालच्या मजल्यावरचे बिऱ्हाड, या सर्वांचे चेहरे आपल्याला पाठ असतात. आपण मान हलवतो, ते मान हलवतात, आणि अशी वीस-वीस वर्षे माना हलवूनही त्या मानेवरच्या डोक्यात काय चालले आहे याचा आपल्याला पत्ता नसतो.

अक्षरओळख हा शब्द मात्र आपण आजवर पाटी-पेन्सिलीपुरता ठेवला. पोराला ग म भ न येऊ लागले, की त्याला अक्षरओळख झाली असे आपण म्हणतो. हल्ली मला या शब्दाचा दुसराच अर्थ अधिक खरा वाटू लागला आहे. ज्याचे वाक्य आपल्या ओळखीचे आहे, कोणत्या पुस्तकावर तो लोभ करील आणि कोणत्या पुस्तकावर तुटून पडेल हे आपल्याला आधीच ठाऊक आहे, पण जो उद्या बसमध्ये शेजारी येऊन बसला तर 'जरा सरकता का?' यापलीकडे आपण त्याच्याशी बोलणार नाही, अशा माणसाशी आपली असते ती अक्षरओळख.

हा प्रकार मोबाईलने आणला असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. मोबाईलने तो स्वस्त केला, इतकेच. आपल्या मराठीतच पाहा ना. धारवाडला राहून इंग्रजी शिकवणारे आणि मराठीत कथा लिहिणारे जी. ए. कुलकर्णी हे सभासंमेलनांपासून कोसभर दूर राहणारे गृहस्थ. पण त्यांची पत्रे वाचावीत तर वाटते, की हा माणूस जन्मभर दुसरे काही न करता केवळ गप्पाच मारीत बसला असावा. निवडक म्हणून छापली तीच पत्रे चार खंड भरली! सुनीताबाई देशपांडे यांचा आणि त्यांचा स्नेह तर पत्रांच्याच ओलाव्यावर वाढला. प्रत्यक्ष भेटी थोड्या, पत्रे उदंड.

दुसरे उदाहरण सातासमुद्रापलीकडचे. न्यूयॉर्कच्या हेलीन हान्फ या लेखिकेने १९४९ साली लंडनच्या चेअरिंग क्रॉस रोडवरील ८४ क्रमांकाच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानाला एक पत्र टाकले. तिला काही जुनी पुस्तके हवी होती, तीही स्वस्तात. दुकानातर्फे उत्तर देणारे फ्रँक डोएल हे गृहस्थ मोठे शिस्तीचे आणि नेमस्त, तर बाई फटकळ आणि विनोदी. इंग्लंडात तेव्हा युद्धानंतरचे रेशन चालू होते. पुस्तकांच्या बदल्यात पैसे तर बाईंनी पाठवलेच, पण नाताळला दुकानातल्या साऱ्या मंडळींसाठी मांसाचे आणि अंड्यांचे डबेही पाठवले. 'एकदा लंडनला येऊन जा,' असे दुकानातली माणसे लिहीत. 'येणार, येणार,' असे बाई लिहीत. १९५३ साली निघण्याची उमेदही होती. पण साठवलेले पैसे दंतवैद्याने खाल्ले! पुढे कधी घर बदलावे लागले, कधी आणखी काही निघाले. १९६८ च्या डिसेंबरात डोएल वारले आणि १९७१ साली बाई अखेर लंडनला पोहोचल्या, तेव्हा दुकानही बंद पडले होते. डोएल यांच्या पत्नीला आणि मुलीला त्या भेटल्या. रिकाम्या दुकानात उभ्या राहून आल्या. वीस वर्षांची अक्षरओळख, आणि तोंडओळख एका क्षणाचीही नाही.

या दोन्ही गोष्टी मी वर्गात अनेकदा सांगतो. मुले विचारतात, 'सर, भेटले नाहीत म्हणूनच मैत्री टिकली असेल का?' प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. हाच प्रश्न काही दिवसांपूर्वी आमच्या एका मंडळापुढे अगदी रोखठोक येऊन उभा राहिला.

हे मंडळ म्हणजे वाचकांचा एक व्हॉट्सॲपवरचा गट. २०२० साली सगळे जग घरात कोंडलेले असताना तो जन्मला आणि दारे उघडल्यावरही मेला नाही. माणसे पंचेचाळीस. नियम तीन : सुप्रभात म्हणायचे नाही, दुसऱ्याचे आलेले पुढे ढकलायचे नाही, आणि जे पुस्तक स्वतः वाचले नाही त्यावर मत द्यायचे नाही. तिसरा नियम पाळला तर निम्म्या महाराष्ट्राला मौन धरावे लागेल, पण आमच्याकडे तो पाळला जातो. महिन्यातून एकदा रात्री सगळ्यांनी एकाच वेळी फोनवर येऊन एका पुस्तकाबद्दल बोलायचे, असाही एक प्रघात आहे.

यातले बहुतेक जण एकमेकांना नावानेदेखील धड ओळखत नाहीत. टोपणनावेच रुळली आहेत. बेळगावचे एक जण शब्दाशब्दाला व्याकरण तपासतात म्हणून 'मास्तर'. डोंबिवलीच्या एक बाई सगळ्यांची विचारपूस करतात म्हणून 'वहिनी'. आणि नांदेडकडचे एक गृहस्थ आहेत, ते 'रावसाहेब'. रावसाहेबांचे लिहिणे म्हणजे दिवाळीतली आतषबाजी. ऐतिहासिक कादंबरी असो की कोणा मोठ्याचे आत्मचरित्र, रात्री अकराच्या सुमारास त्यांचा मजकूर येई आणि सकाळपर्यंत त्या पुस्तकाचे एकेक बुरूज ढासळलेले असत. त्यांच्या लिहिण्यात कुठे अडखळणे नाही, खाडाखोड नाही. मासिक फोनसभेला मात्र ते कधी येत नसत. 'आमच्याकडे रेंज नसते,' एवढेच कळवीत. इतक्या तोलाच्या माणसाला फोनवरच्या किरकोळ गप्पांचे कौतुक नसणार, असे मंडळी आपसांत म्हणत.

२०२५ च्या फेब्रुवारीत अठ्ठ्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन दिल्लीला भरायचे ठरले. दिल्लीत याआधीचे संमेलन १९५४ सालचे. अध्यक्ष तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी, उद्घाटक पंडित नेहरू. सत्तराहून अधिक वर्षांनी राजधानीत पुन्हा मराठी मांडव पडणार आणि अध्यक्षपदी लोकसाहित्याच्या अभ्यासक तारा भवाळकर असणार, हे कळल्यावर वहिनींनी गटावर लिहिले, 'आपण सगळे तिथेच भेटू या का?'

दोन दिवस गटावर कोणी काही लिहिले नाही. पंचेचाळीस बोलक्या माणसांची ही शांतता मला फार बोलकी वाटली. मग एकेक शंका निघू लागली. मास्तरांनी लिहिले, 'वस्तुतः आपण एकमेकांना आवडतो ते लेखी स्वरूपात. तोंडी परीक्षेत नापास झालो तर?' कोणी रजेची अडचण सांगितली, कोणी खर्चाची. एकीच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. एका तरुणाने तर स्वच्छ कळवले, 'मला माणसांत बसायला आवडत नाही, मी इथेच बरा आहे.' त्याला कोणी आग्रह केला नाही, आणि ते योग्यच झाले. न भेटण्याचा हक्कही माणसाला असला पाहिजे.

लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या माणसांनी एकत्र यावे की न यावे, हा वाद संमेलनाइतकाच जुना आहे. १८७८ साली लोकहितवादी आणि न्यायमूर्ती रानडे यांनी ग्रंथकारांना पुण्याला बोलावले. तोवर हे लोक एकमेकांना छापील अक्षरातूनच काय ते ओळखणार. दूरदूरच्या गावी बसून लिहिणाऱ्या माणसांनी एकदा समोरासमोर बसावे, ही त्यामागची ओढ. पण १८८५ च्या दुसऱ्या सभेचे आमंत्रण आले तेव्हा जोतीराव फुले यांनी पत्र लिहून ते नाकारले. शूद्रातिशूद्रांचे दुःख ज्यांच्या ग्रंथांत नाही त्यांच्या सभेत आम्ही काय म्हणून यावे, असा त्यांचा सवाल होता. ती सभा आज किती जणांना आठवते? फुल्यांचे न येणे मात्र आठवते. म्हणून कोणत्याही मेळ्यात आलेल्यांची मोजदाद झाली, की न आलेल्यांचीही आठवण करावी, आणि ते का आले नाहीत हेही विचारावे.

आमच्या पंचेचाळिसांपैकी चौदा जण निघाले. चौदावे नाव अगदी शेवटच्या दिवशी आले. रावसाहेबांचे.

पुण्याहून दिल्लीला साहित्यप्रेमींसाठी खास गाडी सोडली होती. तिला नाव महादजी शिंद्यांचे. गाडीतही संमेलन भरायचे होते, म्हणजे दिल्लीला पोहोचेपर्यंत कवितांना तोटा नव्हता. आमच्यातल्या नऊ जणांना त्या गाडीत जागा मिळाली, बाकीचे परस्पर दिल्लीला येणार होते. ठरल्याप्रमाणे पुणे स्टेशनवर जमलो खरे, पण ओळखावे कसे? गटावरच्या चित्रांत कोणाचा नातू, कोणाचा गणपती, कोणाच्या गॅलरीतली जास्वंद. माझ्या शेजारी जीन पँट घातलेले एक धिप्पाड गृहस्थ हमालाशी हुज्जत घालीत होते. त्यांच्या तोंडून 'वस्तुतः' हा शब्द बाहेर पडला मात्र, तीन दिशांनी तीन माणसे 'मास्तर!' म्हणून धावली. हे मास्तर शाळामास्तर नव्हतेच. त्यांचे बेळगावात विजेच्या सामानाचे दुकान आहे.

मग काय विचारता! वहिनींनी बाकावर डबे मांडले. चकल्या, भाकरवडी, तिळाच्या वड्या. जी माणसे पाच वर्षे एकमेकांची वाक्ये खात होती ती आता एकमेकांच्या हातचे खाऊ लागली. बोलण्याला तर खंड नव्हता. या साऱ्या गोंगाटात खिडकीशी एक सडसडीत, पन्नाशीचे गृहस्थ बसले होते. पांढरा सदरा, मांडीवर कापडी पिशवी. सगळ्यांच्या बोलण्यावर हसत होते, पण स्वतः बोलत नव्हते. शेवटी वहिनींनी विचारले, "आपण कोण म्हणायचे?"

त्यांनी सदऱ्याच्या खिशातून घडी केलेला एक कागद काढून वहिनींच्या हाती दिला. वहिनींनी तो वाचला आणि काही न बोलता पुढे दिला. तो हातोहात फिरला. रेखीव अक्षरात दोन ओळी होत्या : 'मी रावसाहेब. बोलताना अडखळतो. थांबलात तर वाक्य पुरे होईल.'

त्या कागदावर काय बोलावे ते कोणालाच सुचले नाही. ज्याच्या लेखणीला आम्ही सारे वचकून असायचो तो माणूस स्वतःचे नाव सांगायला चिठ्ठी घेऊन आला होता. 'रेंज नसते' याचा अर्थ तेव्हा उलगडला.

वहिनींचे मन लोण्यासारखे. त्यांना कोणाची अडचण बघवत नाही. रावसाहेब बोलू लागले, की एखाद्या शब्दापाशी अडत. ओठ मिटलेले राहत, मान किंचित हले. की लगेच वहिनी तो शब्द पुरवीत. "तुम्हाला कादंबरी म्हणायचंय ना, भाऊ?" "स्टेशन, स्टेशन म्हणताय तुम्ही." रावसाहेब मान डोलावीत आणि गप्प होत. असे चार-पाच वेळा झाले. मग त्यांनी हात वर केला आणि सावकाश, प्रत्येक शब्दाशी झटापट करीत, एक वाक्य शेवटपर्यंत नेले. "वहिनी, माझं वाक्य मला पुरं करू द्या. लिहिताना मध्ये कोणी बोलू शकत नाही, म्हणून तर मी लिहितो."

डब्यातली चकली वहिनींच्या हातात तशीच राहिली. "बोला भाऊ," त्या म्हणाल्या, "मी नाही बोलत आता." आणि सुपारीचा डबा उघडून त्या खरोखरच गप्प बसल्या.

रावसाहेब मग हसत म्हणाले, (त्याला बराच वेळ लागला, पण आता कोणाला घाई नव्हती), "लिहितो तेव्हा माझी गाडी एक्स्प्रेस असते. बोलतो तेव्हा पॅसेंजर. प्रत्येक स्टेशन घेते." हशाने डबा दणाणून गेला, आणि त्या हशात सर्वांत मोठा आवाज त्यांचाच होता.

दिल्लीला संमेलन तालकटोरा स्टेडियमवर भरले होते. १७३७ साली बाजीरावाच्या फौजेचा तळ याच परिसरात पडला होता, हे तिथे प्रत्येक वक्ता एकदा तरी सांगत होता. मराठी माणूस तेव्हा घोड्यावरून आला होता, आता पुस्तकांच्या पिशव्या सांभाळीत आला होता, एवढाच फरक. ग्रंथप्रदर्शनात गर्दी, भोजनाला रांगा, ध्वनिक्षेपकावरून एकामागून एक भाषणे. २१ ते २३ फेब्रुवारी या तीन दिवसांत तिथे किती लक्ष शब्द उधळले गेले असतील याचा हिशेब कोणी करू नये.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमचे चौदा जण आवारातच एका कडेला, उन्हात, वर्तमानपत्रे अंथरून बसलो. महिन्याची सभा चुकवायची नव्हती. विषय होता जात्यावरच्या ओव्यांचा. खुद्द अध्यक्षांच्या जन्मभराच्या अभ्यासाचा प्रांत तोच, म्हणून मुद्दाम ठेवलेला. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करून ठेवल्या आहेत. मी म्हटले, की ओवी ही आपल्याकडची सर्वांत मोठी अक्षरओळख, तीही अक्षर न येणाऱ्या बायकांची. मावळातल्या बाईने पहाटे म्हटलेली ओळ तिची लेक सासरी घेऊन जाई, तिथून ती तिसऱ्या गावी जाई. कोणी रचली ते कोणाला ठाऊक नाही, तोंड कोणी पाहिले नाही, पण दुःख मात्र ओळखीचे. दोन जणांनी होकार भरला, मास्तरांनी 'वस्तुतः' म्हणून एक दुरुस्ती सुचवली. मग रावसाहेबांनी हात वर केला.

ते जे बोलले ते लिहून काढले तर पाच मिनिटांत वाचून होईल. त्यांना अर्धा तास लागला. लहानपणी त्यांची आई पहाटे दळायला बसे. हा मुलगा जात्यापाशी जाऊन बसे आणि खुंट्याला हात लावून आईबरोबर ओव्या म्हणे. दिवसभर ज्याला शाळेत स्वतःचे नाव सांगता येत नसे, गुरुजींनी विचारले की ज्याच्या तोंडून उत्तराऐवजी नुसता वारा निघे, तो मुलगा आईबरोबर म्हणताना एकाही शब्दावर अडत नसे. तोतरे बोलणाऱ्याची जीभ गाताना किंवा दुसऱ्याच्या आवाजाबरोबर म्हणताना बहुधा मोकळी होते, हे डॉक्टर लोक सांगतात. त्या मुलाला ते कोणी सांगितले नव्हते. त्याला वाटे, जात्यात काही तरी जादू आहे. पुढे गावात पिठाची गिरणी आली. दळण तिकडे जाऊ लागले. आईचे कष्ट वाचले, पण मुलाची ती एक बोलण्याची जागा गेली. 'तेव्हापासून,' ते म्हणाले, 'मी लिहायला लागलो.'

त्या अर्ध्या तासात कोणी घड्याळ पाहिले नाही. पलीकडे ध्वनिक्षेपकावर परिसंवाद रंगात आला होता. रावसाहेब एखाद्या शब्दापाशी थांबत तेव्हा तो सारा गोंगाट आमच्यापर्यंत येई आणि शब्द सुटला की पुन्हा दूर जाई. माझ्या ध्यानात आले, की या माणसाच्या बोलण्यात ती लिहिण्यातली धार नाही. टोमणा नाही, विशेषण नाही, एकही शब्द जास्तीचा नाही. ज्याला प्रत्येक शब्दाची किंमत मोजावी लागते तो शब्द उधळील कसा? रात्री अकराला बुरूज ढासळवणारे रावसाहेब खरे, आणि उन्हात बसून आईच्या जात्याबद्दल सांगणारे हे रावसाहेबही खरेच. पहिले आम्हाला पाच वर्षे ठाऊक होते. दुसऱ्यांना भेटायला दिल्लीला जावे लागले.

परत आल्यावर मंडळात काय फरक पडला, हे आता सांगितले पाहिजे, कारण भेटीची किंमत भेटीच्या दिवशी कळत नाही. मांडवातले हसणे-खिदळणे, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून काढलेले फोटो, हे सारे घरी येईपर्यंत शिळे होते. पण मार्चमध्ये एका पुस्तकावरून गटावर मोठा वाद झाला. मास्तरांचे एक वाक्य एका तरुण मुलीला लागले. एरवी ती गट सोडून गेली असती. गट सोडायला काय लागते? अंगठ्याचा एक दाब. पण ती दिल्लीला आली होती; मास्तरांनी तिची जड बॅग वरच्या फळीवर चढवली होती आणि रात्री तिला खालची जागा देऊन स्वतः वर झोपले होते. तिने गट सोडला नाही, मास्तरांना फोन केला. जूनमध्ये वहिनींच्या यजमानांचे ऑपरेशन झाले, तेव्हा ठाण्याचे दोघे आळीपाळीने इस्पितळात रात्री बसले. अक्षरओळखीत माणसाला निघून जाणे फार सोपे असते. भेट झाली, की ते थोडे अवघड होऊन बसते. मला तर वाटते, भेटीचा पहिला उपयोग हाच.

आणि दुसरा उपयोग रावसाहेबांनी दाखवून दिला. एप्रिलच्या फोनसभेला ते आले. पहिल्यांदाच. त्यांची पाळी आली आणि फोनवर शांतता पसरली. ज्यांना फोनसभांची सवय आहे त्यांना ही शांतता ठाऊक असेल. दोन क्षण गेले, की कोणी तरी घाईने ओरडतो, 'हॅलो, आवाज येतोय का? लाइन कट झाली का?' त्या दिवशी एकदाच, दिल्लीला न आलेल्या एका सभासदाने तसे विचारले. वहिनींनी हळू आवाजात सांगितले, "लाइन चालू आहे. भाऊ बोलताहेत."

लाइन चालू होती आणि रावसाहेब बोलत होते, फक्त शब्द अजून यायचा होता. तो आला. मग पुढचा आला. ज्यांनी त्यांना पाहिले होते त्यांना त्या शांततेत मिटलेले ओठ दिसत होते, किंचित हलणारी मान दिसत होती. ज्यांनी पाहिले नव्हते तेही मग थांबायला शिकले. आता दर महिन्याला ते येतात. सभा वीस मिनिटे लांबते. कोणाची तक्रार नाही.

वर्गातल्या मुलांच्या प्रश्नाला आता माझ्यापाशी उत्तर आहे. भेटले नाहीत म्हणून मैत्री टिकते, हे अर्धे खरे. अक्षरांतून माणसाचे बोलणे कळते आणि पुष्कळदा तोंडओळखीपेक्षा ते अधिक खोल कळते. पत्रात जात पुसली जात नाही, कपडे दिसत नाहीत, अडखळणारी जीभ आड येत नाही. कित्येकांना आयुष्यात तेवढी एकच जागा मोकळी मिळते, तिला कोणी कमी लेखू नये. पण माणूस केवळ बोलतो थोडाच? तो गप्पही बसतो. आणि माणसाचे गप्प बसणे पत्रातून कळत नाही. पत्र आले नाही तर तो रागावला आहे, आजारी आहे, कंटाळला आहे की नुसता शब्दाशी झटत बसला आहे, हे दूरवरून कसे समजावे? न्यूयॉर्कच्या त्या बाईंना फ्रँक डोएल यांच्या हजार सवयी ठाऊक होत्या. त्यांचे गप्प होणे मात्र दुकानातून आलेल्या परक्या हाताच्या पत्रानेच कळले.

दंतवैद्याचे बिल प्रत्येकालाच असते. रजा मिळत नाही, तिकिटे महाग होतात, मुलांच्या परीक्षा येतात, आणि 'येणार, येणार' म्हणता म्हणता दुकान बंद होते. दिवाळीच्या दिवसांत आपण सगळे एकमेकांना शुभेच्छा लिहून पाठवतो. आता तर एका दाबात शंभर जणांना. त्या शंभरांतला एक जण असा असेल, की ज्याचे अक्षर आपल्या पुरते ओळखीचे आहे आणि तोंड अजून पाहिलेले नाही. यंदा त्याला लिहू नका. त्याला चालत असेल तर पत्ता विचारा, चार करंज्या डब्यात घाला आणि जाऊन बसा. तिथे गेल्यावर बोलायला काही सुचणार नाही, ही भीती धरू नका. बोलणे तर वर्षभर चाललेच आहे. थोडा वेळ त्याच्याजवळ गप्प बसून या.